ठाण्याच्या दमट हवेत शर्टाच्या आत बनियन घालावे की नाही?

बार्शीकर ठाण्यात (धागाकर्ता)

नमस्कार.

प्रश्न साधा आहे, पण गेले तीन महिने तो मला रोज सकाळी कपाट उघडले की पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कामावर जाताना घालायच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाच्या आत बनियन घालावे की घालू नये?

मी मूळचा बार्शीचा. आमच्या घरात या बाबतीत निवड अशी कधी नव्हतीच. बाबा घरी आल्यावर शर्ट काढून खुंटीला लावतात, पण बनियन रात्री झोपतानाही अंगावरच असते. शाळेत असताना मी कधी नुसता गणवेशाचा शर्ट घालून निघालो, तर आई दारातून परत बोलावून बनियन घालायला लावत असे. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या आसपास असतो, तरी त्या बनियनचा मला कधी जाच झाल्याचे आठवत नाही. उन्हातून आलो की पाठ भिजलेली असे, आणि ओट्यावर सावलीत दहा मिनिटे टेकलो की बनियन कोरडे ठाक होत असे.

एप्रिलमध्ये मला रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि मी वर्तकनगरला दोन मित्रांबरोबर खोली घेतली. सकाळी बसने स्टेशन, सॅटिसच्या पुलावरून उतरून गर्दीतून दहा नंबरचा फलाट, तिथून ट्रान्स हार्बरची गाडी आणि रबाळ्याला उतरल्यावर पंधरा मिनिटांची चाल, असा माझा रोजचा प्रवास आहे. कार्यालयाच्या दारात पोहोचेपर्यंत बनियन पिळून काढता येईल इतके ओले झालेले असते. फिकट निळ्या शर्टावर बनियनच्या खांद्याच्या पट्ट्या आणि गळ्याची कमान गडद रंगात जशीच्या तशी उमटते, त्यामुळे मागून पाहणाऱ्याला मी आत काय घातले आहे ते नीट कळते. आत शिरल्यावर एसी बावीस अंशांवर लावलेला असतो आणि तेच ओले बनियन दुपारच्या जेवणापर्यंत पाठीला गार फडक्यासारखे चिकटून राहते. रात्री ते डोक्यावरून काढायला जावे तर पाठीवरच दोरीसारखे गुंडाळले जाते, आणि शर्टावर जिथे ओल संपली होती तिथे मिठाची पांढरी रेघ उरलेली असते.

मे महिन्याच्या अखेरीस मी एक आठवडा बनियनशिवाय जाऊन पाहिले, कारण माझे दोन्ही मित्र ते वापरत नाहीत. चालताना थोडे हलके वाटले हे खरे, परंतु माझे बहुतेक शर्ट टेरीकॉटचे असल्यामुळे ते थेट अंगाला चिकटू लागले आणि काखेखालचे ओले डाग लपेनात. मला साहेबांबरोबर ग्राहकांकडे जावे लागते, आणि तिथे हात वर करून फळ्यावर काही दाखवायचे म्हटले तरी संकोच वाटतो. पांढऱ्या शर्टातून अंग दिसते ती अडचण वेगळीच. मग एका दुकानदाराने ‘लगेच सुकणारे’ म्हणून गुळगुळीत कापडाचे बनियन दिले. ते खरोखर लवकर सुकते, पण चार-पाच वेळा घातल्यानंतर त्याला असा वास बसला की धुऊन वाळवलेले बनियनसुद्धा अंगात घातल्यावर पाच मिनिटांत वास मारू लागते. आता पावसाळा आहे, खोलीतल्या दोरीवर दोन दिवस कपडे वाळत नाहीत आणि छातीवर घामोळे आले आहे.

बाबांना फोनवर सांगितले तर ते म्हणतात, बनियन घाम टिपते म्हणून तर घालायचे. मित्र म्हणतात, बनियनमुळेच घाम येतो. दोघांपैकी नेमके कोणाचे बरोबर आहे, आणि बनियन घालायचेच असेल तर कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: जांभळी नाक्याचा होजिअरीवाला

जांभळी नाक्याजवळच्या होजिअरीच्या दुकानात माझी पस्तीस वर्षे गेली, तेव्हा दुसरे काही नाही तरी बनियन मला कळते असे समजून लिहितो.

तुमचे बाबा बार्शीपुरते अगदी बरोबर बोलत आहेत. सुताचा धागा हवेतली ओल स्वतःजवळ धरतो. नेहमीच्या मोजणीत त्याच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल त्याच्यात असते, आणि हाताला तो तरीही कोरडाच लागतो. पॉलिएस्टरचा हाच आकडा ०.४ टक्के, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणून घाम आला की सुती बनियन तो पिऊन घेते. पण प्यालेले पाणी पुढे सोडायचे तर बाहेरची हवा ते घ्यायला तयार हवी. बार्शीची उन्हाळी हवा कोरडी, ती बनियनमधले पाणी ओढून घेते. ठाण्यात खाडी उशाला आणि पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, इथे हवाच आधी भरलेली असते. सूत पीत राहते, हवा घेत नाही, आणि माणसाच्या पाठीवर ओले फडके उरते. त्यातून तुमचा शर्ट टेरीकॉटचा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या टेरीकॉटमध्ये ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कापूस असतो, म्हणजे आतले बनियन ओले आणि त्यावर हवा न खेळणारे झाकण, अशी तुमची स्थिती आहे. माझे प्रामाणिक मत असे की तुम्ही बनियनचा विचार करण्याआधी शर्टाचा करा. तीन-चार शर्ट शुद्ध सुती घ्या, मग अर्धा प्रश्न राहणार नाही.

आता बनियन कोणते ते सांगतो, कारण गिऱ्हाईक पुष्कळदा ‘एक बनियन द्या’ एवढेच म्हणते आणि चुकीचे घेऊन जाते. आमच्या धंद्यात बिनबाह्यांच्या गोल गळ्याला आरएन आणि बाह्यांच्या गोल गळ्याला आरएनएस म्हणतात; पट्ट्यांचे ते सँडो. सँडो हे नाव यूजेन सँडो (१८६७–१९२५) या गाजलेल्या बलोपासकावरून आले, आणि तो कपडा दंड मोकळे राहावेत म्हणूनच चांगला आहे. तुमची तक्रार काखेतल्या डागांची आहे आणि सँडोमध्ये नेमकी काखच उघडी राहते, त्यामुळे घाम जिथे सगळ्यात जास्त दिसतो तिथे तो टिपायला कापडच नसते. कार्यालयात शर्टाच्या आत घालायचे असेल तर बाह्यांचेच घ्यावे, आणि गळ्याचे बटण उघडे ठेवत असाल तर व्ही गळ्याचे, म्हणजे ते कॉलरमधून डोकावत नाही.

विणीकडेही पाहावे. उभ्या रेघांची रिब वीण ताणली जाते आणि अंगाला धरून बसते. साधी जर्सी वीण पातळ असते. इंटरलॉक दुपदरी आणि जाड, ते आपल्या हवेत नको. कापड उजेडासमोर धरून पाहावे, बोटांची सावली दिसली पाहिजे. जुनी माणसे जाळीचे बनियन घालत असत, त्याला आता कोणी विचारत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. १९३० च्या दशकात नॉर्वेच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्याचा असा कपडा थंडीसाठी करून पाहिला होता, कारण भोकांमध्ये थांबलेली हवा वरून दुसरा कपडा असला की ऊब धरते. आपल्याकडे तीच भोके वरचा कपडा सैल ठेवला की वारा खेळवतात.

माप सेंटिमीटरमध्ये असते: ८०, ८५, ९०, ९५ असे पाच-पाचने वाढत जाते. छाती काखेखालून मोजून त्याच्या पुढचे माप घ्यावे, कारण सुती होजिअरी पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडी आटते. बनियन अंगाला टेकले पाहिजे, रुतता कामा नये. आपल्या दुकानांत दिसणारा बराचसा माल तमिळनाडूतल्या तिरुपूरचा असतो, त्या गावाची ओळखच बनियनचे गाव अशी आहे, त्यामुळे नाव कोणतेही असले तरी सूत, वीण आणि शिवण हातात घेऊन पाहणेच खरे.

थोडे विषयाच्या कडेचे, पण आवडीचे म्हणून लिहितो. आमच्या वडिलांच्या पिढीचा शब्द गंजीफ्रॉक हा होता. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरचे कोळी थंडी-वाऱ्यात लोकरीचा विणलेला अंगरखा घालत, त्या बेटाच्या नावावरून तो शब्द आपल्याकडे गंजी होऊन आला. म्हणजे हा कपडा जन्माने थंड समुद्रावरचा आहे. आपण लोकर टाकून सूत घेतले, वीण तेवढी ठेवली. ठाण्याच्या हवेत तो जसाच्या तसा चालेल असे धरून चालणेच मुळात चूक आहे.

प्रतिसाद: कळव्याची गृहिणी

माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नये.

माझे यजमान बावीस वर्षे तुर्भ्याला कामाला जात होते आणि त्यांचीही तुझ्यासारखीच गत होती. पहिली काही वर्षे त्यांची बनियने धुताना मला समजत असे की हा माणूस दिवसभर ओल्या कपड्यात बसला आहे. शेवटी आम्ही एक साधी गोष्ट केली. ते घरून निघताना शर्टाच्या आत बनियन घालायचेच नाहीत. जुना, सैल सुती टीशर्ट घालून प्रवास करायचे आणि इस्त्रीचा शर्ट व कोरडे बनियन घडी करून पिशवीत न्यायचे. कारखान्यात पोहोचल्यावर पाच मिनिटे पंख्याखाली उभे राहायचे, तोंड, मान, काखा आणि छाती साध्या पाण्याने पंचाने पुसायची, अंग कोरडे झाले की मग बनियन आणि त्यावर शर्ट. बनियन घाम येऊन गेल्यावर घालायचे, येण्याआधी नाही, एवढाच त्यातला फरक. परतीच्या प्रवासात पुन्हा तोच टीशर्ट. तो तोवर खुर्चीच्या पाठीवर वाळलेला असे.

बायकांना ही अडचण वेगळ्या रूपात येते, ती कोणी लिहिली नाही म्हणून मी लिहिते. मुलींना शाळेच्या गणवेशाखाली शमीज घालायला लावतो ते पारदर्शक कापडासाठी, आणि तेच पुढे कुर्त्याखालच्या स्लिपचे होते. पूर्वी मी मुलीच्या पातळ कुर्त्यांना सगळे अस्तर लावून घेत असे. मग माझ्या लक्षात आले की शिंप्याकडचे स्वस्तातले अस्तर बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि ते उन्हाळ्यात अंगावर प्लॅस्टिकसारखे बसते. आता मी मलमलचे किंवा कॅम्ब्रिकचे अस्तर स्वतः विकत घेते, आधी पाण्यातून काढून आटवून घेते आणि मग शिंप्याला देते. फक्त पुढच्या भागाला आणि कमरेपर्यंत, पाठीला व बाह्यांना नाही. त्यामुळे आत वेगळी स्लिप घालावी लागत नाही आणि एक थर वाचतो. तुझा पांढरा शर्ट पारदर्शक वाटतो, त्यालाही जाडसर विणीचे सुती कापड हे उत्तर आहे, बनियन नव्हे.

आणि ते ‘लगेच सुकणारे’ बनियन फेकून दे. त्या कापडात बसलेला वास साबणाने जात नाही, हा माझा सुनेच्या व्यायामाच्या कपड्यांवरचा अनुभव आहे.

प्रतिसाद: घणसोलीचा पायी चालणारा

मी सहा वर्षांपूर्वी बनियन घालणे पूर्णपणे सोडले आणि पुन्हा सुरू करण्याची मला गरज वाटली नाही. मी सैल मापाचे, सुती किंवा लिननचे, गडद किंवा बारीक चौकटीचे शर्ट घालतो. चौकटीत ओल दिसत नाही आणि सैल शर्टात चालताना हवा वरखाली होते. शर्ट मात्र रोज धुवावा लागतो, दुसऱ्या दिवशी तोच घालता येत नाही, हे मान्य करायला हवे. ज्यांना गणवेश आहे किंवा टायसह अंगाबरोबरचा शर्ट घालावा लागतो त्यांना माझा उपाय लागू पडणार नाही. पण केवळ लहानपणापासूनची सवय म्हणून दोन थर घालून घामाने हैराण होणाऱ्या मित्रांना मी नेहमी एवढेच सांगतो की आधी शर्टाचे माप एक अंकाने वाढवून पाहा.

प्रतिसाद: नेरुळचा त्वचारोगतज्ज्ञ

मी नेरुळला त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो. जून ते ऑक्टोबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ तरुण रुग्णांची तक्रार या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली असते, म्हणून थोडे मुद्देसूद लिहितो.

‘बनियनमुळे घाम येतो’ हे अर्धेच खरे आहे. माणसाच्या त्वचेत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात आणि त्या शरीराचे आतले तापमान पाहून काम करतात. एक लिटर घाम अंगावरून पूर्णपणे सुकला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि थंडावा मिळतो तो या सुकण्याने, नुसत्या घाम येण्याने नाही. जो घाम ओघळून खाली पडतो किंवा कापडात मुरून तिथेच साचून राहतो, त्याचा शरीराला गारव्यासाठी फारसा उपयोग होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडते. दमट हवेत, बंद शर्टाखाली, ओले बनियन नेमके हेच करते. याउलट वातानुकूलित खोलीत हवा कोरडी असल्यामुळे तेच बनियन भराभर सुकू लागते आणि उष्णता पाठीतून ओढून घेते. धागाकर्त्याला दुपारपर्यंत जो गारठा जाणवतो तो त्यामुळे. म्हणून वरच्या ताईंनी सांगितलेली पद्धत मला वैद्यकीयदृष्ट्याही योग्य वाटते.

घामोळे हे घाम जास्त आल्यामुळे नव्हे, तर घामाच्या नळीचे तोंड बंद झाल्यामुळे येते. त्वचा तासन्‌तास ओली राहिली की वरचा थर फुगतो, नळीचे तोंड मिटते आणि घाम आतच अडकून बारीक पुळ्या उठतात. तिथे कपडा सतत घासला तर त्रास वाढतो. होजिअरीवाल्या काकांच्या मापाच्या सल्ल्यावर मी इतकेच सुचवीन की अंगावर घामोळे असेपर्यंत रिबचे, अंगाला धरून बसणारे बनियन टाळावे आणि साध्या जर्सीचे, एक माप सैल वापरावे, मग ते घाम थोडा कमी टिपेना का. पावडरचे थरावर थर देऊ नयेत. ओल्या त्वचेवर तिचा लगदा होतो. तेल किंवा घट्ट मलम लावू नये. दिवसातून दोन वेळा साध्या पाण्याने अंघोळ, त्यानंतर अंग पूर्ण कोरडे करणे आणि शक्य तितका वेळ उघडे किंवा सैल सुती कपड्यात राहणे, एवढ्यानेही घामोळे बहुधा काही दिवसांत बसते.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. दिवसभर घातलेले बनियन अंगावर ठेवून झोपू नये. धागाकर्त्याच्या घरची ती सवय कोरड्या हवेत खपून गेली असेल, इथे खपत नाही. आपल्या त्वचेवर नेहमीच राहणारी एक बुरशी तेलकट आणि ओल्या त्वचेवर वाढते आणि छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी शिबे उठतात. ते दिसायला वाईट असले तरी संसर्गजन्य नसतात. गजकर्ण मात्र वेगळे. कडेला लाल, खवलेदार, मध्ये साफ होत जाणारे आणि खूप खाजणारे गोल चट्टे दिसले तर ते एकमेकांच्या टॉवेलातून, चादरीतून आणि एकाच बादलीत भिजवलेल्या कपड्यांतून पसरतात. एका खोलीत तीन मुले राहत असतील तर टॉवेल आणि बनियने वेगळी ठेवावीत. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम स्वतःच्या मनाने आणून लावू नये. खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी पसरत राहते. असे महिनोन्‌महिने चिघळलेले रुग्ण मी रोज पाहतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण सुरुवातीला आले असते तर उपचार सोपे होते. धागाकर्त्याला घामोळ्यात असा एखादा चट्टा दिसला तर त्याने थेट डॉक्टरांकडे जावे.

वासाबद्दल दोन शब्द. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या वेगळ्या प्रकारच्या ग्रंथींचा दाट घाम त्वचेवरचे जिवाणू फोडतात तेव्हा वास तयार होतो, आणि तो वास व त्वचेचे तेल पॉलिएस्टरचा धागा सुतापेक्षा अधिक घट्ट धरून ठेवतो. ‘लगेच सुकणाऱ्या’ बनियनचे कोडे यातच आहे. बनियनच्या काखेत जे पिवळे डाग पडतात त्यात बऱ्याचदा घाम रोखणाऱ्या रोलऑनमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांचा वाटा असतो. त्यावर क्लोरीनचे ब्लीच घातले तर ते आणखी पिवळे पडतात. रोलऑन रात्री, कोरड्या काखेला लावावे आणि सकाळी धुऊन टाकावे. परिणाम टिकतो आणि कपडा वाचतो.

बार्शीकर ठाण्यात

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

कळव्याच्या काकूंची पद्धत मी दुसऱ्याच दिवशी सुरू केली. पहिल्या दिवशी कार्यालयाच्या स्वच्छतागृहात टीशर्ट काढून पंचाने अंग पुसताना मला फार अवघडल्यासारखे झाले, पण तिथे आमच्याच विभागातले एक वरिष्ठ रोज तेच करतात हे पाहिले आणि संकोच गेला. कोरड्या अंगावर कोरडे बनियन घालून एसीत बसल्यावर गारठा वाजला नाही. दुपारी बनियनला हात लावून पाहिला तर काखेत जरासे ओलसर होते, बाकी कोरडे. शर्टावर मिठाची रेघ आलेली नाही. घामोळे आठ-दहा दिवसांत बसले. चट्टा वगैरे काही नव्हता.

होजिअरीवाले काका, मी बाह्यांची, व्ही गळ्याची, साध्या जर्सीची सहा बनियने घेतली आणि दोन सुती शर्ट शिवायला टाकले आहेत. दुकानात बनियन उजेडासमोर धरून बोटांची सावली पाहिली तेव्हा दुकानदाराने आपणहून आतला चांगला माल काढून दाखवला. सध्या माझी अडचण वाळवण्याची आहे. रोजचे एक बनियन आणि एक टीशर्ट धुवावा लागतो आणि खोलीत ते दोन दिवस ओलसर राहून कुबट होतात. दुसरे म्हणजे पांढऱ्या शर्टातून पांढऱ्या बनियनच्या कडा अजून दिसतात. यावर काही सांगता येईल का?

बाबांना सगळे वाचून दाखवले. त्यांनी नेरुळच्या डॉक्टरांचा झोपण्याबद्दलचा भाग पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

प्रतिसाद: जांभळी नाक्याचा होजिअरीवाला

पांढऱ्याखाली पांढरे बनियन हीच चूक असते. कापडाआड जिथे पांढरा रंग संपून अंगाचा रंग सुरू होतो, तिथली कड डोळ्याला दिसते. अंगाच्या रंगाच्या जवळचे, बदामी किंवा फिकट करडे घ्या, कड नाहीशी होईल.

वाळवण्यासाठी बनियन पिळल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी दाबा. अर्धे पाणी टॉवेलात जाते. मग उलटे करून, दोरीवर दुमडून न टाकता हँगरला लावा आणि पंख्याच्या वाऱ्यात दोन हँगरमध्ये वीतभर अंतर ठेवा. घालण्याआधी काखेच्या शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा, कारण ओल सगळ्यात शेवटी तिथेच दडून बसते. पावसाळ्यापुरती सहा पुरणार नाहीत, आणखी तीन घ्या.

प्रतिसाद: कळव्याची गृहिणी

ओला टीशर्ट आणि बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर राहू देऊ नकोस. कितीही दमला असलास तरी खोलीवर आल्या आल्या बाहेर काढून निदान पाण्यातून काढत जा; कुबट वास दोरीवर लागत नाही, त्या पिशवीत लागतो. आणि बाबांसाठी पुढच्या खेपेला बाह्यांची दोन सैल बनियने घेऊन जा, एक दिवसाचे आणि एक रात्रीचे.